चौथा समुद्र

१

हानबिट जहाजावर बुधवारी सकाळी मनगटाएवढा पोलादी दोर तुटला, साठ टनांची चौकट समुद्राच्या तळाशी गेली आणि तुटक्या दोराच्या फटक्यानं डेकवरचा मुकादम प्यो गिलसू याचा डावा पाय गुडघ्याखाली चेंदला. दुपारी तो कापावा लागला. ही गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या बुसान बंदराला ठाऊक झाली. त्याच सकाळी, दोर तुटल्याची बातमी येऊन तासही झाला नव्हता, तेव्हा कंपनीच्या सातव्या मजल्यावरच्या संगणकातून कोणीतरी एक फाईल पुसली. ही दुसरी गोष्ट मात्र शुक्रवारी उघडकीला आली, आणि तीही फक्त दोघांना कळली.

त्यातला एक नामगुंग, या कामाचा व्यवस्थापक. तो योम ते-जुनच्या खोलीत शिरला, दार लावलं आणि लावून झाल्यावर विचारलं, "दार लावू ना?"

"लावलंस की."

"साहेब, फाईल बांग हेरिनच्या नावानं बनली आणि हेरिनच्याच नावानं पुसली गेली. नोंद आहे. आत काय होतं ते आता कळत नाही. पण निरपराध माणूस कशाला पुसेल?"

 हेरिन योमच्या हाताखाली तयार झालेली मुलगी होती. चौपन्नाव्या वर्षी आपल्याच शिष्येची चौकशी करायची वेळ यावी, याची त्याला लाज वाटत होती. आणि लाज वाटतेय हे नामगुंगला दिसतंय, याची आणखी वाटत होती.

"सोमवारी मंत्रालयाची माणसं येणार," नामगुंग म्हणाला. "अहवालात एक नाव हवं. क्रेनवाला मोक किंवा ही पोरगी. हिचं नाव लागलं तर परवाना जाईल, खटलाही होईल. तुम्ही बघा. तुमच्यावर कोणी शंका घेणार नाही."

ते खरं होतं. समुद्राच्या तळाशी पाइपलाइन टाकताना तिच्या टोकाला एक रुंद पोलादी चौकट जोडतात, नाहीतर टोक चिखलात रुततं. ही चौकट जहाजावरून लाटांमधून खाली सोडायची म्हणजे जिवाचा खेळ. म्हणून आधी तो खेळ संगणकात खेळतात. खोटा समुद्र, खोटं जहाज, खोटी क्रेन. दोर सैल पडतो का एवढंच बघायचं, कारण सैल पडलेला दोर पुढच्या क्षणी हिसका खातो आणि तुटतो. कोरियात हे काम ज्या पद्धतीनं होई, ती योमनं बावीस वर्षांपूर्वी घालून दिली होती, आणि ती पहिल्यांदा वापरली होती तीही याच हानबिट जहाजासाठी. पोरं तिला 'योम पद्धत' म्हणत आणि तिच्या एका अक्षराला हात लावत नसत.

"दोर जुना होता?" त्यानं विचारलं.

"दोन महिन्यांचा. तपासलेला."

"आणि लाटा?"

"एक मीटर ऐंशी. हेरिनच्या कागदावर दोन मीटरपर्यंत मुभा होती."

म्हणजे दोर चांगला, हवा चांगली, कागदही चांगला. आणि एका माणसाचा पाय गेला होता.

२

क्रेनवाला मोक बोनशिक बाजारातल्या खानावळीत डुकराच्या रश्शातल्या भाताचा वाडगा पुढे घेऊन बसला होता. खात काही नव्हता. चमच्यानं नुसता कांद्याची पात ढवळत होता.

"या साहेब, बसा. फाशीआधी माणसाला पोटभर जेवू देतात म्हणे."

"कोणी फाशी देत नाही, मोकदादा."

"मग सोमवारी काय आहे, बारसं?"

योम समोर बसला. खानावळीच्या मावशीनं न विचारता दुसरा वाडगा आणून आदळला.

"मी चौकट जोरात सोडली असं म्हणताहेत ना?" मोक म्हणाला. "क्रेनच्या पेटीत वेग नोंदला जातो. जा, बघा."

"बघितला. कागदावर लिहिलाय तेवढाच आहे."

मोकचा चमचा थांबला. हे ऐकायची त्याची तयारी नव्हती. मग तो हळू आवाजात सांगू लागला.

"लाटा बारीक होत्या, साहेब. चौकट अर्धी पाण्यात गेली आणि तीन मोठ्या लाटा आल्या. एकीला लागून एक. पहिली गेली, दुसरी गेली. तिसरीनं चौकट खालून अलगद उचलली, झोपलेल्या लेकराला उचलतात तशी. दोर सैल पडला. मी तेहतीस वर्षं क्रेनवर आहे. सैल दोर दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. तुमच्या संगणकाला पोट असतं का?"

"तीन लाटा? नक्की?"

"मला तीनपर्यंत मोजता येतं."

योमच्या मनात काहीतरी हललं. तीन लाटा, एकीला लागून एक. हे आपण कुठेतरी पाहिलंय. कुठे ते आठवेना. वय झालं, असं म्हणून त्यानं सोडून दिलं.

"त्या पोरीला दोष देऊ नका," उठताना मोक म्हणाला. "आम्ही तिच्या कागदावर काम केलं नाही."

"कागद तिचाच होता."

"सही खाली तिची असते. पण वर पहिल्या ओळीत 'योम पद्धत' लिहिलेलं असतं. डेकवरची माणसं तेवढंच वाचतात."

रस्सा चांगला होता, पण योमला तो गेला नाही.

३

शनिवारी कार्यालय रिकामं होतं. हेरिन बैठकीच्या खोलीत हात मांडीवर ठेवून बसली होती. एकोणतीस वर्षांची, जरा फटकळ, आणि कामात अशी चोख की तिची चूक काढताना योमलाच चष्मा पुसावा लागे.

त्यानं रात्रीतून तिचं सगळं काम पुन्हा चालवून पाहिलं होतं. संगणकातला प्रत्येक खोटा समुद्र एका आकड्यातून उगवतो. त्या आकड्याला ते बी म्हणत. बी तीच, तर समुद्र तोच, लाट न लाट तीच. एका समुद्रावर भरवसा ठेवायचा नाही, म्हणून दहा बिया पेरायच्या, आणि दहांपैकी एकाही समुद्रात दोर सैल पडला नाही तरच होकार द्यायचा. हेरिनच्या तक्त्यात एकपासून अकरापर्यंत दहा ओळी होत्या. दहाही समुद्रांत दोर ताठ होता.

"तुझ्या कामात खोट नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे, सर."

"पण नोंद सांगते, अपघाताआधीच्या गुरुवारी तू या दहांखेरीज आणखी एक समुद्र चालवलास. कोणता ते कळत नाही. बुधवारी अपघात कळल्यावर ती फाईल पुसलीस. का?"

हेरिननं मांडीवरचे हात एकमेकांत गुंतवले.

"नामगुंग म्हणतो, तुला धोका माहीत होता आणि तू लपवलास."

"म्हणू देत."

"हेरिन, तुझा परवाना जाईल. तुरुंगात जायची पाळी येईल."

तिनं खिडकीकडे पाहिलं. योमच्या समोर तिच्या माहितीचा कागद होता. नाव, शिक्षण, पत्ता. घर क्रमांक चारशे चार. चार म्हणजे मरण असं मानतात, हा क्रमांक कोणी घेत नाही म्हणून भाडं कमी, यावरून कार्यालयात तिची थट्टा होई. 'मुलगी वाघीण आहे, चारला भीत नाही,' असं योमनंच एकदा सगळ्यांसमोर म्हटलं होतं. त्याला उगाच ते आठवलं.

"सर, मी त्या गुरुवारी तुमच्या दारात आले होते. आठवतं?"

आठवत होतं, पण अर्धवट. कोणाच्या तरी निरोपाच्या जेवणाला जायचं होतं, तो कोट चढवत होता. ती हातात कागद घेऊन उभी होती, तिनं काहीतरी विचारलं होतं आणि तो हसला होता. हसल्याचं नक्की आठवत होतं.

"काय विचारलं होतंस?"

"आठवत नसेल तर राहू दे." ती उठली, खिशातून पाकीट काढलं आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे ठेवलं. राजीनामा होता. "सोमवारी हे जोडा. सोपं जाईल."

ती गेल्यावर योमनं ते पाकीट खणात टाकलं. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते आपल्याच भिंतीत मुरतंय अशी एक भिकार शंका त्याला चाटून गेली. त्यानं ती झटकली. झटकली याची पुढे त्याला फार लाज वाटायची होती.

५

रविवारी सकाळी रसाच्या बाटल्यांचा खोका घेऊन तो इस्पितळात गेला. लिफ्टची बटणं एक, दोन, तीन, पाच अशी होती. प्यो मुकादम पाचव्यावर होता.

बासष्ट वर्षांचा प्यो खिडकीजवळच्या खाटेवर होता. पांघरूण एका बाजूला सपाट पडलं होतं. योमनं तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि आल्या आल्या तिकडेच बघितलं.

"बघा, बघा," प्यो म्हणाला. "आता मोजे अर्धेच लागणार."

"दादा, मी..."

"बसा. चौकशी तुमच्याकडे आहे म्हणे. बरं झालं. मी पोरांना म्हणालो, योम साहेब आहेत ना, मग खरं बाहेर येईल. मोकची चूक नाही, आणि तुमच्या त्या मुलीचीही नसेल. एखाद्या दिवशी समुद्राच्या मनात येतं, त्याला कोण काय करणार?"

"दोर कसा सैल पडला तेच कळत नाहीये, दादा. दहाही समुद्र ठीक आहेत."

"तुम्ही काळजी घेता हे मला नका सांगू. मी विसरलो नाही अजून." प्योनं त्याच्या मनगटावर हात ठेवला. "बावीस वर्षांपूर्वी, हानबिट नवं होतं तेव्हा, तुम्ही कागद घेऊन डेकवर आला होतात. कोवळे होतात. आम्हाला आकडे कळत नव्हते. तुम्ही म्हणालात, मुकादम, तुमच्या माणसांना चार आकडा अपशकुनी वाटतो ना, म्हणून मी चार नंबरचा समुद्र काढूनच टाकलाय. आठवतं?"

योमनं मान हलवली. आठवत होतं. ही गोष्ट त्यानं स्वतःच कितीतरी मेजवान्यांमध्ये सांगितली होती, आणि दर वेळी लोक कौतुकानं हसले होते.

"कार्यालयातला माणूस आमच्या भीतीला मान देतो, हे आम्ही कधी पाहिलं नव्हतं. मी आजही नव्या पोरांना सांगतो. या साहेबाला वाकून नमस्कार करायचा, म्हणतो. हा आपला माणूस."

योमच्या कानशिलांत गरम झालं. तो काहीतरी पुटपुटत उठला. लिफ्टपाशी गर्दी होती म्हणून जिन्यानं उतरू लागला. उतरताना सवयीनं मजले मोजले. एक, दोन, तीन, आणि मग तळमजल्याचं दार, ज्याच्यावर एक लिहिलेलं होतं. तो थांबला आणि बोटांवर पुन्हा मोजलं. प्योची खाट चौथ्या मजल्यावर होती. भिंतीवर कोणी काहीही लिहिलं असलं तरी चौथ्याच मजल्यावर होती. आकडा काढला म्हणून मजला गेला नव्हता.

योमनं कठडा घट्ट धरला. तीन लाटा कुठे पाहिल्या होत्या ते त्याला आठवलं होतं.

६

दुपारी दोन वाजता त्यानं हेरिनला कार्यालयात बोलावून घेतलं. ती आली तेव्हा त्याच्या पडद्यावर खोटं हानबिट खोट्या समुद्रात डोलत होतं. चौकट अर्धी पाण्यात होती. बीच्या चौकोनात चार लिहिलेलं होतं.

"बस," योम म्हणाला. "आता येतील."

पहिली लाट आली आणि गेली. दुसरी आली आणि गेली. तिसरीनं चौकट अलगद उचलली. दोराचा ताण दाखवणारी रेघ खाली खाली येत शून्याला टेकली आणि मग पडद्याच्या बाहेर उडाली.

"याच लाटा मोकनं बुधवारी पाहिल्या," तो म्हणाला. "अशा तीन लाटा एकत्र येतात, हे या एका समुद्राला ठाऊक होतं. तो यादीत असता तर मुभा दीड मीटरची मिळाली असती. बुधवारी काम झालंच नसतं. तू गुरुवारी हाच चालवलास. तुझ्या दहा ओळी एकपासून अकरापर्यंत जातात, कारण माझ्या जातात. बावीस वर्षं सगळ्यांच्याच जातात. चार तेवढा नाही, आणि का नाही हे कोणी विचारत नाही. तुझं घर चारशे चार, तुला त्याचं काही वाटत नाही, म्हणून तू विचारायला आलीस."

"'सर, तुमच्या यादीत चार का नाही,' एवढंच विचारलं होतं मी."

"आणि मी काय म्हणालो?"

"'आमच्या काळी डेकवरच्या माणसांचा मान ठेवायची रीत होती, पोरी.' आणि हसलात."

योमनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. चोराला शोधत तो बंदरभर फिरला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"ते खोटं आहे," तो म्हणाला. "मान ठेवायला नव्हता काढला. बावीस वर्षांपूर्वी मी दहा समुद्र चालवले. नऊ ठीक होते, चौथ्यात दोर सैल पडला. माझ्या तेव्हाच्या साहेबांना दोन मीटरची मुभा हवी होती. दीडवर जहाज आठवडा-आठवडा नुसतं उभं राहिलं असतं. ते म्हणाले, काय करता येतं ते बघ, योम. मी चार काढला आणि अकरा घातला. बैठकीत कोणीतरी विचारलं, चार कुठे गेला? मी म्हटलं, डेकवरच्या लोकांसाठी काढला. सगळे हसले. मग मी तेच प्योला सांगितलं. मग इतक्या वेळा सांगितलं की मलाही खरं वाटायला लागलं."

पडद्यावर चौकट तळाशी जाऊन पडली होती. दोघांपैकी कोणी तिकडे बघत नव्हतं.

"तू फाईल पुसलीस," योम म्हणाला. "मला वाचवायला. त्याची मला जन्मभर..."

"तुम्हाला वाचवायला?" हेरिननं त्याच्याकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं. "नाही, सर. मी स्वतःला वाचवत होते. गुरुवारी माझ्या हातात कागद होता ना, त्यावर हेच चित्र होतं. शून्याला टेकलेली रेघ. मी चार का नाही हे विचारलं, पण चार चालवल्यावर काय झालं ते सांगितलं नाही. तुम्ही हसलात आणि मी कागद उलटा केला. म्हटलं, एवढा मोठा माणूस, त्याच्या चुकीवर बोट मी कुठे ठेवू? दुसरं एक वाक्य बोलायचं होतं, सर. पाच शब्दांचं. ते मी बोलले नाही, आणि मुकादमांचा पाय गेला. बुधवारी मला तो कागद जगात कुठेच नको होता."

योम खजील झाला. आपल्यासाठी कोणी बलिदान करतंय, हा विचार सुद्धा किती आपमतलबी होता हे त्याला कळलं. या मुलीला लाज वाटत होती, आणि ती लाज त्याच्याहून प्रामाणिक होती.

"राजीनामा परत घे," तो म्हणाला.

"आणि फाईल? ती मीच पुसलीय."

"तेही लिहू. तू तुझं लिही, मी माझं लिहितो."

४

सोमवारी सकाळी नामगुंगनं अहवाल दोनदा वाचला. मग दार लावलं, या वेळी न विचारता.

"साहेब, बावीस वर्षांपूर्वीचं कोण उकरतंय? ते साहेब वारले. तुम्ही सहा वर्षांत निवृत्त व्हाल. मुलीनं फाईल पुसल्याचा पुरावा हातात आहे. वाक्यं जरा गोल करू. 'परंपरेनं चालत आलेली यादी' वगैरे."

क्षणभर, लाज वाटावी इतका लांब क्षण, योमला ते बरं वाटलं. 'परंपरेनं.' किती मऊ शब्द होता.

"परंपरा नाही," तो म्हणाला. "मी. पहिल्या ओळीत माझं नाव आहे, तिथेच राहू दे."

मंत्रालयाच्या माणसांसमोर तो दोन तास उभा होता. खाली मान घालून उत्तरं देत होता. तिथून तो घरी गेला नाही.

इस्पितळात तो जिन्यानं चढला. प्यो उशीला टेकून संत्रं सोलत होता.

"या साहेब. लागला का छडा?"

"लागला, दादा." योम बसला नाही. "चार नंबरचा समुद्र मी तुमच्यासाठी काढला नव्हता. त्यात दोर तुटत होता, म्हणून काढला होता. तुमच्या भीतीचं मी फक्त निमित्त केलं."

प्योच्या बोटांतलं संत्रं तसंच राहिलं. योम सगळं सांगत गेला, काही न गाळता. हेरिननं विचारलं होतं हेही, आणि आपण हसलो होतो हेही.  

"त्या यादीवर किती कामं झाली?"

"सव्वीस."

"म्हणजे पंचवीस वेळा समुद्रानंच सांभाळून घेतलं." प्योनं संत्रं बाजूला ठेवलं. "आणि मी पोरांना वाकायला लावत होतो."

"दादा, माफी मागायचं तोंड मला..."

"मागू नकोस."

बावीस वर्षांत प्यो त्याला पहिल्यांदा अरेतुरे करत होता. योमला ते पाठीवर वळ उठावा तसं लागलं, आणि तेच योग्य होतं.

 प्यो पुढे बोलला तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

"माझी टोळी चार वाजता भेटायला येते. रोज येते. आजपर्यंत त्यांना तुझी गोष्ट मी सांगत आलो. आज तू सांग. सगळी. मी मध्ये बोलणार नाही."

योमनं मान हलवली.

"तोवर उभा कशाला राहतोस? बस."

तो खुर्चीवर बसला आणि हात मांडीवर ठेवले. भिंतीवरच्या घड्याळात चाराला वीस मिनिटं कमी होती.